बैठक मोडली तो श्रावण

श्रावणात आमच्या आठवडे बाजारात पडवळे येतात. वेलावरून नुकतीच उतरवलेली, अंगावर पांढरे पट्टे असलेली, टोपलीत जागा पुरत नाही म्हणून एकमेकांभोवती वळलेली. मी त्या टोपलीपासून जरा लांबून जातो. आमच्या घरी पडवळ शिजत नाही. लग्नानंतरची काही वर्षे शिजत होते, पुढे बंद झाले. का बंद झाले, हे मी कोणाला नीट सांगितले नाही आणि घरात कोणी नीट विचारलेही नाही. घरातल्या पुरुषाच्या आवडीनिवडीला कारण विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. तिचा मी सोयीने फायदा घेतला.

यंदा मात्र मुक्ताने विचारले. मुक्ता माझी मुलगी, बारावीला आहे. "बाबा, तुम्हाला पडवळ आवडत नाही की पडवळाची भीती वाटते?"

भाजीवालीसमोरच विचारले. भाजीवाली हसली. "मास्तरांना कशाची भ्या? मास्तरांना पोरं भित्यात." मीही हसलो, पिशवी पुढे केली आणि गवार घेऊन निघालो.

मुक्ता सध्या एक कादंबरी लिहिते आहे. बारावीच्या वर्षात असले उद्योग करू नयेत, हे मी तिला शिक्षक म्हणून सांगितले आहे आणि बाप म्हणून प्रत्येक प्रकरण वाचायला मागितले आहे. कादंबरी काळ्या जादूच्या एका शाळेची आहे. शाळा डोंगराच्या पोटात कोरलेली. आमच्या जुन्नरभोवती डोंगराडोंगरांत लेणी आहेत, त्यांतल्या खोल्या तिने उचलून तिकडे नेल्या आहेत. दगडी ओट्यांवर मुले झोपतात. प्रत्येकाच्या उशाशी एक पणती असते. एखादा विद्यार्थी परत येणार नसला की त्याची पणती आदल्या संध्याकाळीच विझते. बाकीची मुले ते पाहतात आणि काही न बोलता आपापली पांघरुणे ओढून घेतात. पावसात त्या शाळेच्या पायऱ्या वाढत जातात, म्हणून श्रावणात आत गेलेल्याला उतरायला पायऱ्या जास्त लागतात. ती पाने मी दोनदा वाचली. सतरा वर्षांच्या मुलीला हे कुठून कळते, असा विचार मनात आला आणि मी तो तिथेच थांबवला.

तिची अडचण एकच होती. "प्रत्येक मंत्राची काहीतरी किंमत असली पाहिजे," ती म्हणाली. "नाहीतर वाचणाऱ्याला भीती वाटणार नाही. पण शिकणाऱ्यानेच किंमत दिली तर फारच सरळ होतं. केलं, भरलं."

मी नकळत बोलून गेलो, "शिकणाऱ्याने देऊ नये. त्याच्या घरच्यांनी द्यावी. आणि कोणी द्यायची, ते त्याला कळू नये."

तिने लिहिणे थांबवून माझ्याकडे पाहिले. "हे भयंकर आहे, बाबा. तुम्हाला कसं सुचलं?"

सुचले नव्हते. मी त्या शाळेत होतो.

*

मुक्ता जन्मली त्या वर्षीचा तो श्रावण. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात येडगावातले माझे चुलते वारले. त्यांच्याकडे लांबड्याचा मंत्र होता. आमच्या बाजूला सापाला मंत्र जाणणाऱ्यांसमोर साप म्हणत नाहीत; लांबडं म्हणतात, जनावर म्हणतात. पंचक्रोशीत कोणाला लांबडं डसले की रात्रीअपरात्री माणसे चुलत्यांच्या दारात येत आणि ते ताटावरून उष्ट्या हाताने उठून जात. धरणाचे पाणी आल्यापासून उसाची रानं वाढली होती, उसात उंदीर वाढले होते आणि उंदरांमागे दुसरेही वाढले होते. चुलते गेल्यावर गावाला भीती पडली. तेराव्याच्या पंगतीत चारचौघांनी मला बाजूला घेतले.

"मास्तर, तुमचं पाठांतर चांगलंय."

"आन् घरान्यात हाय तुमच्या. दुसऱ्याच्या घरात जायला नगं."

"मी विज्ञानाचे तास घेतो, आण्णा," मी म्हणालो.

"घ्या की. कोन नको म्हनतं? दिवसा विज्ञान घ्या."

सगळे हसले, मीही हसलो, आणि त्या हसण्यातच माझा होकार धरला गेला. आज मागे वळून पाहताना वाटते, मला नाही म्हणता आले असते. पण गावाने आपल्याला निवडले, या गोष्टीचे मला सुख झाले होते. शिवाय एक कुतूहल होते. मी ते कुतूहल विज्ञानाचे आहे असे स्वतःला सांगितले.

चुलत्यांचे गुरू घाटघरकडे एका वाडीत राहत. कोंडाजी नाना. पंचमीपासून पोळ्यापर्यंत त्यांच्याकडे शिकणारे येत, तीच त्यांची शाळा. शनिवारी अर्ध्या दिवसाने माझी शाळा सुटली की मी एसटीने जुन्नरला यायचो आणि तिथून घाटघरच्या मुक्कामी गाडीने वर जायचो. गाडी चढू लागली की काचा पांढऱ्या होत. ढग रस्त्यावर उतरलेले असत आणि त्यांतून एखादी गाय, एखादी इरलं घेतलेली बाई अचानक गाडीच्या तोंडाशी प्रकट होई. वर भाताची खाचरे, सारखा पाऊस, चुलीचा धूर आणि बेडकांचा आवाज. त्या आवाजात एक गोष्ट मला पहिल्याच आठवड्यात जाणवली: तो मधूनच, एका बाजूला, एकदम थांबे. बेडूक का थांबले असतील, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक असे. कोणी बोलत नसे.

शिकणारे त्या वर्षी आम्ही तिघेच होतो. मी, घोडेगावचा रशीद आणि नानांचा पुतण्या लहू. रशीद बैलांच्या पायांना पत्र्या ठोकायचा. आंबेगावातली गावेच्या गावे पायी फिरायचा आणि त्या फिरण्यात त्याने डसलेली माणसे मरताना पाहिली होती, म्हणून तो आला होता. लहू पंचविशीचा, हसरा, उंच, नाना म्हणतील ते करणारा. नानांना मूलबाळ नव्हते. लहूच पुढे त्यांच्या जागी बसणार होता.

मंत्र ओढ्यात उभे राहून घ्यायचा. कमरेएवढ्या पाण्यात, पहाटे, नाना कानाशी येऊन एक ओळ म्हणत, आणि पाण्याच्या आवाजात ती जेवढी ऐकू आली तेवढी आपली. पुन्हा सांगत नसत. पायांखालचे दगड सरकत. लहू पलीकडून माझा दंड धरून उभा राही आणि पुटपुटे, "मास्तर, वाहून जाऊ नका, तुमच्या पोरांचा सहामाहीचा पेपर कोन काढंल?"

आणि नियम होते. पडवळ खायचे नाही. ज्याच्या घरी मंत्राला गेलो त्याच्या घरचे पाणीही प्यायचे नाही. बोलावणे आले की नाही म्हणायचे नाही. हे नियम मी हसत पाळले असते. पण शेवटचा नियम नानांनी हसत सांगितला नाही. डसलेल्या माणसाभोवती मंत्राला बसले की त्याला बैठक म्हणत. बैठक बसली की विष उतरेपर्यंत किंवा माणूस जाईपर्यंत कोणी उठायचे नाही. मधूनच जो पहिला उठेल त्याच्यावर मंत्र उलटतो. त्याच्यावर म्हणजे त्याच्या घरावर. उठणाऱ्याने आपल्या घरात कोण कोण आहे ते मोठ्याने सांगायचे आणि मगच उंबरा ओलांडायचा. त्यांतल्या कोणाला केव्हा घ्यायचे ते मंत्र ठरवणार.

"आन् न्हाई सांगितलं तर?" रशीदने विचारले.

"मंग समदीच," नाना म्हणाले.

त्या संध्याकाळी आम्ही पडवीत बसलो होतो. माझ्या डोळ्यांसमोर माझे घर होते. आई होती. सुनंदा होती, माझी पत्नी. लग्नाला बरीच वर्षे होऊन गेल्यावर तिला दिवस गेले होते. त्या श्रावणात ती हळूहळू चालायची, भिंतीला हात लावून वळायची आणि आम्ही दोघेही त्याविषयी कमी बोलायचो. मोठ्याने बोललो तर जाईल असे वाटायचे.

मी मंत्रावर विश्वास ठेवत होतो का, असे मला कोणी विचारले तर नाही म्हणेन. मी घाबरत होतो का, असे विचारले तर हो म्हणेन. या दोन गोष्टी एका माणसात सुखाने शेजारी राहतात. वर्गात मी फळ्यावर विषग्रंथीची आकृती काढत असे आणि सुट्टीनंतर त्याच हाताचा खडू झटकून, आज चुकून काही बोललो तर नाही ना, असे आठवत बसे.

*

पोळ्याच्या आधीच्या रविवारी लहू सकाळी उठला आणि कानाची पाळी चोळत म्हणाला, काहीतरी चावलं. आम्ही सगळे पडवीत जमिनीवरच झोपलो होतो. कानामागे दोन बारीक ठिपके होते. सूज नव्हती, दुखतही नव्हते. "डास असंल," लहू म्हणाला. "घाटघरचा डास हाय, दातं असत्यात त्याला."

नानांनी त्याला कडुलिंबाचा पाला चावायला दिला. पाला गोड लागला तर विष आहे, कडू लागला तर नाही. हीच त्यांची परीक्षा होती आणि त्यांच्या गुरूंचीही. लहूने पाला चावला आणि तोंड वाकडे केले. "कडू जहर." नानांचा चेहरा सैल झाला. रशीद हसला. मीही त्या कडू तोंडाकडे पाहून सुटकेचा श्वास सोडला. विज्ञानाचा शिक्षक असूनही त्या घटकेला मला त्या पाल्याइतके दुसरे काहीच खरे वाटले नाही. मण्यारीचे विष जिभेला कळत नाही, जागेवर दुखत नाही, हे मी नंतर वाचले.

थोड्या वेळाने लहूच्या पोटात कळ आली. मग तो म्हणाला, "नाना, दोन दोन दिसतायसा." त्याच्या पापण्या खाली आल्या. त्याने त्या बोटांनी वर धरल्या, बोटे काढली की पुन्हा खाली. तो हसायला गेला आणि त्याच्या तोंडाची एकच बाजू हसली. नानांनी त्याच्याकडे पाहिले, मग उरलेल्या पाल्याकडे, आणि घोंगडी अंथरली. बैठक बसली.

मंत्र सुरू झाला. नानांचा आवाज जुना आणि जाड, रशीदचा बारीक, आणि माझा त्यांच्यामध्ये कुठेतरी. बाहेर पाऊस. लहूचे हात पडत गेले. बोलणे गेले. श्वास आखूड झाला, पाण्यात बुडी मारणाऱ्याने वर येऊन घ्यावा तसा. मी मंत्र म्हणत होतो आणि त्याची छाती मोजत होतो. मध्येच नाना थांबून म्हणाले, "कडू लागला व्हता. इतक्यात जायाचा न्हाई." ते आम्हाला म्हणाले की देवाला, कळले नाही.

आणि खाली, वाडीच्या सरकारी शाळेच्या पटांगणात, मुक्कामी गाडीचे इंजिन सुरू झाले. रविवारी सकाळी ती एकच गाडी जुन्नरला जायची. ती गेली की दुपारपर्यंत वर काही येत नसे. ड्रायव्हर इंजिन तापवायचा, दोनदा हॉर्न द्यायचा, आणि निघायचा. एक हॉर्न झाला.

आम्ही तिघेही मंत्र म्हणत होतो. रशीद माझ्याकडे पाहत होता, मी त्याच्याकडे. नाना खाली पाहत होते. लहू त्यांना मुलासारखा होता आणि त्यांच्याही मांडीचे स्नायू उठण्यासाठी ताणले गेलेले मला दिसत होते. पण ते उठले असते तर त्यांच्या घरातला एकच जीव होता, आणि तो समोर घोंगडीवर पडला होता.

मी उठलो.

नानांनी मंत्र थांबवला नाही. ओळ पूर्ण केली. मग विचारले, "घरी कोन?"

मी म्हणालो, "आई आहे. बायको आहे. बायकोच्या पोटात मूल आहे."

नाना मान हलवून म्हणाले, "जा."

रशीद ताडकन उठला. "माझ्या घरी लई हायेत, नाना. नावं सांगत बसलो तर गाडी जाईल," म्हणाला आणि त्याने लहूला पाठंगुळीला घेतले. बैठक आधीच मोडली होती. त्याला काही सांगायची गरज नव्हती. पण त्याचे ते बोलणे मला आजवर धीर देत आले आहे आणि आजवर टोचतही आले आहे. त्याच्यासारखे उठता आले असते तर.

गाडीत लहूला शेवटच्या सीटवर आडवे केले. कंडक्टरने एकदा त्याच्याकडे पाहिले आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितले, "आता घंटी न्हाई. कुनी हात केला तरी न्हाई." वाटेत माणसे छत्र्या हलवत राहिली आणि मागे पडत राहिली. जुन्नरच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी इंजेक्शने दिली, लहूच्या घशात नळी घातली आणि तिच्या टोकाचा रबरी फुगा रशीदच्या हातात दिला. "हा दाबला की तो श्वास घेईल. थांबलात की थांबेल. मशीन नाही आपल्याकडे."

"मंत्र म्हनला तर चालंल का, डाक्टर?" रशीदने विचारले.

"गाणं म्हणा, कव्वाली म्हणा. हात थांबू देऊ नका."

तो दिवस आणि ती रात्र आम्ही आळीपाळीने फुगा दाबत राहिलो. मंत्राची एक ओळ संपली की एक दाब; रशीदने ते माप बसवले होते. लहू मेल्यासारखा पडला होता. बाहुल्या हलत नव्हत्या. त्याला पाहायला आलेली वाडीतली एक म्हातारी मोठ्याने रडून गेली. दुसऱ्या दिवशी दिवस कलता कलता त्याचा अंगठा हलला. आठवड्याने तो चालत घरी गेला.

मी ओढ्यात पुन्हा कधी उतरलो नाही. येडगावच्या लोकांना सांगितले, मंत्र मला लागला नाही. त्यांनी मान्य केले. शिकलेल्या माणसाला तो लागत नाहीच, असे कोणीतरी म्हणाले.

*

मार्गशीर्षात मुक्ता जन्मली. दाईने तिला उचलून दाखवली तेव्हा मी पहिल्यांदा तिच्या पापण्या पाहिल्या. बाप असे करत नाहीत. ते नाक पाहतात, कोणावर गेली ते पाहतात.

तिच्या प्रत्येक तापात मी त्या पडवीत जाऊन बसलो आहे. गोवर आला तेव्हा, टायफॉइड झाला तेव्हा, झोपेत ती फार वेळ कुशीवर वळली नाही तेव्हा. एकदा आळेफाट्याला, नाशिककडे जाणाऱ्या ट्रकच्या रांगेत, तिचा हात माझ्या हातातून सुटला आणि ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. ट्रकवाल्याने ब्रेक मारला, शिव्या दिल्या, आणि मी त्याला हात जोडले. तो चक्रावला. मी त्याला हात जोडले नव्हते. ज्या मंत्राने ठरवायचे होते त्याने अजून ठरवले नव्हते, म्हणून जोडले होते.

मग काही वर्षांनी आई गेली. वय झाले होते, दमा होता, शेवटी तिचा श्वास आखूड झाला आणि मी तिच्या छातीकडे पाहत बसलो. ती गेल्यावर मी रडलो. खोटे रडलो नाही. पण घाटावरून परत येताना, पाय धुताना, मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात एक वाक्य उमटले: झाले, फिटले. मंत्राने निवड केली, मुलगी सुटली.

एवढे वाईट वाक्य माझ्या मनात त्याआधी कधी आले नव्हते आणि नंतरही आले नाही. ज्या बाईने मला जन्म दिला तिच्या चितेच्या धगीत मी माझ्या भीतीचे हात शेकून घेतले. आणि ते सुखही टिकले नाही. तेरावा होण्याआधीच मनाने विचारले, आई तर म्हातारीच होती, ती अशीही जाणार होती. हे धरले जाईल का?

*

कादंबरीसाठी खरी जागा पाहायची असे मुक्ताने ठरवले. मंत्राची एक शाळा घाटघरला होती आणि तिथे मी काही दिवस होतो, एवढेच मी तिला सांगितले होते. या श्रावणात आम्ही दोघे गेलो. नाना केव्हाच वारले. लहू आता चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, जीपगाडी चालवणारा. घाटघर ते जुन्नर दिवसातून फेऱ्या मारतो.

"मंत्र म्हणता का अजून, काका?" मुक्ताने विचारले.

"न्हाई पोरी. गाडी घेतली." तो हसला. "कुनाला डसलं तर मला हाक मारत्यात. मी टाकीत डिझेल ठिवतो."

पडवी तीच होती, वर पत्रे नवे होते. त्याच्या बायकोने चहा आणला. मुक्ता घोंगडीवर मांडी घालून बसली, नेमकी जिथे तो पडला होता तिथे. मी तिला तिथून उठ म्हणणार होतो.

"विष चढताना कसं वाटतं, काका?"

लहूने माझ्याकडे पाहिले. मग तो सांगू लागला. "डोळं मिटलं, हातपाय गेलं. पन कान जाग्यावर व्हतं. हे कुनाला ठावं नव्हतं. मला समदं ऐकू येत व्हतं. पाऊस, नानाचा खोकला. तो म्हनला, पाला कडू लागला व्हता. मी आतनं वरडत व्हतो, आरं बास करा, हलवा मला. ह्ये आपले मंत्र म्हनतायत." तो थांबला. "दवाखान्यात म्हातारी रडली तीबी ऐकली. मला वाटलं, आता असंच जाळत्यात का काय."

मुक्ताचा कप हातातच राहिला.

"मंग गाडीचा हारन झाला. आन् तुझं बाबा उठलं. नानानं इचारलं, घरी कोन? बाबा म्हनलं, आई हाय, बायको हाय, पोटात लेकरू हाय." तो आता तिच्याकडे पाहत नव्हता. "ते ऐकलं, आन् मी आतनं वरडायचा थांबलो. दर साली येडगावचं कुनी गाडीत बसलं की इचारतो, मास्तरची पोरगी बरी हाय का. बरी हाय म्हनलं की तेवढं साल जातं माझं."

लहूच्या बायकोने कप गोळा केले.

"म्हणजे त्या शाळेची फी मी भरायची होती," मुक्ता म्हणाली. लहू हसायला गेला आणि थांबला, कारण ती हसत नव्हती.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. जुन्नर आले. मग म्हणाली, "माझ्या शाळेत कोणीतरी दुष्ट आहे. तुमच्या शाळेत कोणीच नव्हतं. हे मला लिहिता येणार नाही."

मी पिशवी मांडीवर घेतली.

"तुम्ही उठलात ते बरोबर होतं. मी त्याबद्दल रागावलेली नाही." मग विचारले, "आजीला सांगितलं होतं?"

"नाही."

"आईला?"

"नाही."

"तिघींची नावं सांगितलीत, आणि तिघींपैकी फक्त मला कळलं. तेही लहूकाकांकडून." तिने काचेवरची वाफ पुसली. "आईला आज सांगा, बाबा. मी समोर नसेन."

घरी पोहोचलो तेव्हा सुनंदा चुलीशी भाकऱ्या करत होती. मुक्ता पाय धुऊन आत निघून गेली. मी पाटावर बसलो आणि पहिल्यापासून सांगितले: ओढा, पाला, बैठक, हॉर्न, नानांचा प्रश्न आणि माझे उत्तर. तापाच्या रात्री सांगितल्या. आळेफाटा सांगितला. आई गेली तेव्हा मनात काय आले, तेही सांगितले. सुनंदाचे हात भाकरी थापत राहिले. तव्यावरची भाकरी फुगली, तिने ती उलटली, उतरवली.

शेवटी मी म्हणालो, "इतकी वर्षं मला मुक्ताची भीती वाटत राहिली. रोज. आणि आईची, तेवढ्यापुरती."

सुनंदाने विस्तव मागे ओढला. पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवून ती माझ्याकडे वळली. तिचा स्वर रागाचा नव्हता. खरोखरच काही जाणून घ्यायचे असताना माणूस विचारतो तसा होता.

"आणि माझी?"